वाऱ्याची बाही

विमानतळावरचा माणूस दुकानात आला
तेव्हा मी गणवेश उरकत होते,
जून संपत आलेला, काज-बटणं राहिलेली.
त्यानं टेबलावर एक फाटकं कापड टाकलं,
केशरी-पांढरं, उन्हानं विटलेलं.
म्हणाला, अशीच एक हवी, पुण्याहून यायला महिना लागतो.
मी उलटून पाहिलं. एक तोंड रुंद, दुसरं निमुळतं.
म्हटलं, ही तर बाही आहे.
म्हणाला, विंडसॉक.
असेल. पण हात कोणाचा?

कराडात वाऱ्याचं माप कोण देणार?
जुन्या बाहीवरूनच बेतली.
छत्रीवाल्या तांबोळ्यांकडचं नायलॉन,
परकराला घालतात तशा सहा कळ्या,
कडीपाशी दुहेरी शिलाई,
आणि सवयीनं
दोन बोटं माया ठेवली.
वारा काही वाढत्या अंगाचा नाही,
पण माझा हात मुलींच्या कपड्यांवर बसलेला.

खांबावर चढवताना बघायला गेले,
तिथे आश्लेषा घार्गे भेटली. पुसेसावळीची.
शर्ट पुरुषी बेताचा: गळा सैल,
खांदा कोपराकडे निघालेला, बटणं उजवीकडे.
"मुलींचा मिळतच नाही, मावशी."
तिथंच टाचण्या लावल्या, धावपट्टीच्या कडेला.
आश्लेषा नक्षत्रावर जन्मली, सासूला वाईट म्हणतात.
घरात शांत झाली, तरी वडील म्हणाले,
लपवायचं कशाला, तेच नाव ठेवा.
ती म्हणाली, आधी लायसन्स, मग सासूचं बघू.

एका तासाचे किती पडतात, मी विचारलं.
तिनं सांगितलं.
टाचणी माझ्याच बोटात गेली.
असे दोनशे तास.
बँकेतला साहेब म्हणाला होता,
लग्नानंतर हप्ते कोण भरणार?
ती उत्तर न देता उठली
आणि समोरच्या बँकेत गेली.

डिसेंबरात मसूरच्या शाळेतून
टेम्पो भरून मुली आल्या.
पाहुणे बोलले, मुलींनो, गगनाला गवसणी घाला.
गवसणी मी शिवलेली आहे,
भजनी मंडळाच्या तंबोऱ्याला.
माप घेतल्याशिवाय होत नाही.
पाहुण्यांचं संपेना. उन्हात दोघी पेंगल्या.

मग आश्लेषानं विमानाचं दार उघडलं
आणि एकेकीला बसवलं.
पाय पोचेनात म्हणून पाठीशी उशी दिली,
उशी माझीच, मशीनच्या खुर्चीवरची.
एकीनं विचारलं, वर गेल्यावर शू लागली तर?
बाईंनी डोळे वटारले.
आश्लेषा म्हणाली, हा खरा प्रश्न,
आणि न लाजता सगळं सांगितलं.
त्यानंतर मुलींची तोंडं थांबेनात.

ती एकटीनं उडाली तो मंगळवार.
अर्धवट काज तसंच टाकून रिक्षानं गेले.
बाही आगाशिवाकडे तोंड करून अर्धी भरलेली.
विमान उतरताना एकदा उसळलं,
माझ्या पोटात गोळा,
मग बसलं, शहाण्यासारखं.
पोरांनी तिच्यावर बादल्या ओतल्या, रीत आहे म्हणे.
मी ओरडले, अरे, शर्ट!
निथळत ती माझ्याकडे आली
आणि मला आधी दिसला तो खांदा,
जिथल्या तिथे बसलेला.

मला विचारलं होतं तिनं, बसता का एकदा?
म्हटलं, दुकान उघडं टाकून आलेय.
खोटं होतं. कुलूप लावलं होतं.

काल मसूरची ती शूवाली आली.
फ्रॉक आखूड झालेला.
म्हणाली, ती बाही तुम्ही शिवली ना?
मग वाऱ्याचं माप कसं घेतलं?
मी दोरा उसवत होते.
आत दुमडलेली माया मोकळी केली,
इस्त्री फिरवली.
दोन बोटं कापड, गडद निळं,
ऊन न लागलेलं.